नऊ भाज्यांच्या महालक्ष्म्या

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी वाढोणकरांच्या घरात सगळ्यांच्या आधी उठायचा मान पद्मजाबाईंचा. बत्तीस वर्षांत तो त्यांनी कुणाला घेऊ दिला नव्हता. घाटंजीच्या त्या घराला बैठक होती, गच्ची होती, समोर छान जाळीचा व्हरांडा होता. पण आलेल्या पाहुण्याला आधी मागच्या दारानं परसबागेत नेऊन आणल्याशिवाय पद्मजाबाई पाणीसुद्धा विचारत नसत. माणसं पाठीमागे हसत. हसोत बापडी.

या मिजाशीला कारण होतं. त्यांच्या सासूबाई जाताना एक नियम घालून गेल्या होत्या. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, त्या सोळाच्या सोळा आपल्या परसातल्या पाहिजेत. जी सून सोळा पिकवील तिच्या घरी मुखवटे राहतील, चुकली तर दुसरीच्या घरी जातील. सुना दोनच. थोरली पद्मजा आणि धाकटी सत्यशीला. सत्यशीलाचा यवतमाळला बंगला होता आणि तिचा मुलगा मंदार तिथं कृषी केंद्र चालवायचा, बियाण्यांचं, खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं. ती दरसाल महालक्ष्म्यांना यायची, मुखवट्यांना हळदकुंकू लावताना जरा जास्तच वेळ रेंगाळायची आणि पंगत बसायच्या आधी भाज्या मोजायची. मोजायची तीही चोरून नाही, सगळ्यांदेखत बोटांवर. आजवर दर खेपेला सोळा भरल्या होत्या.

दोन हजार सात सालची गोष्ट वेगळी होती. त्या वर्षांत कापसाचं बोलणं निघालं की रोगाचंच बोलणं निघायचं. बोंडअळीचा विषय जुना होतो न होतो तोच पिठ्या ढेकूण आला. पांढरा, पिठासारखा, झाडाच्या कोवळ्या शेंड्याला चिकटून रस पिणारा. शेतातून तो गावात शिरला आणि आषाढ संपता संपता पद्मजाबाईंच्या जास्वंदीवर येऊन बसला. तिथून भेंडीवर.

पद्मजाबाई काही घाबरल्या नाहीत. किडलेले शेंडे त्यांनी छाटून जाळले. उरलेल्यांवर रोज सकाळी रिठ्याच्या पाण्यात बुडवलेला दात घासायचा जुना ब्रश फिरवला. या किड्याला मुंग्या पाठीवर घेऊन झाडोझाडी पोचवतात हे त्यांनी दोन दिवस बसून पाहिलं होतं, म्हणून प्रत्येक बुंध्याभोवती राखेचं कडं केलं. आठवड्याला निंबोळीचा अर्क मारला. झाडाच्या अंगात ताकद असली तर ते रोगाला दाद देत नाही असं त्यांचं मत, त्यामुळं शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाचं जीवामृत दर पंधरवड्याला मुळाशी जात होतंच. पानांवर भुरीची पांढरी बुरशी दिसली की आंबट ताक. श्रावणात ढालकिडे आले, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, आणि त्यांनी पिठ्या ढेकणांवर ताव मारायला सुरुवात केली तेव्हा पद्मजाबाईंनी अंगणात उभं राहून त्यांना हात जोडले होते. बाग सावरली होती. सोळा भाज्या उभ्या होत्या.

मग ऐन सणाच्या तोंडावर फुलसावंगीहून भावाच्या आजारपणाचा निरोप आला. तीन दिवस त्या माहेरी राहिल्या. परतल्या त्या काल दुपारी, महालक्ष्म्या घरात आणायच्या घाईत. मुखवटे उजळणं, साड्या नेसवणं, पाहुण्यांची अंथरुणं, यात परसाकडं फिरकायला सवडच मिळाली नाही.

म्हणून आज उजाडताच त्या टोपली कमरेवर घेऊन मांडवाखाली गेल्या. दोडके भरघोस लटकले होते. कारली तजेलदार होती. पण पद्मजाबाई थबकल्या. या वेळेला कोहळ्याच्या पिवळ्या फुलांत मधमाश्यांची नुसती झुंबड असायची, अंग चोरून भाजी तोडावी लागायची. आज आवाजच नव्हता.

त्यांनी एक फूल उघडून पाहिलं. आत मधमाशी पडलेली होती, पाय पोटाशी घेऊन. दुसऱ्या फुलात दोन. त्या जास्वंदीकडं गेल्या. खाली मातीत ढालकिडे उलथे पडले होते. आणि शेंड्यावर, जिथं त्यांनी ब्रश घासून घासून दोनचारच शिल्लक ठेवले होते, तिथं पिठ्या ढेकूण आपल्या मेणाच्या गोधडीत सुखरूप बसले होते. वैरी जिवंत आणि राखणदार मेलेले. पद्मजाबाईंनी भेंडीचं पान चुरगळून नाकाशी नेलं. हा वास त्या ओळखत होत्या. कापसाच्या दिवसांत गावाबाहेरच्या वाऱ्याला हाच वास असायचा.

भिंतीपलीकडून शेजारच्या सईदाभाभींनी डोकं वर काढलं. त्या आपल्या गुलाबांना पाणी घालत होत्या.

"भाभी, आल्या काय? भाऊची तबियत कशी आहे?"

"बरी आहे. सईदाभाभी, मी नव्हते तेव्हा इथं कोणी आलतं काय?"

"कोणी नाही. भाईसाबच होते ना! परवा तोंडाले टॉवेल बांधून चांगला फवारा मारून राह्यले होते. मी म्हटलं, भाभी माहेरी गेल्या अन् भाईसाब बागेत! कमाल आहे बाप्पा." मग त्यांनी पद्मजाबाईंचा चेहरा पाहिला. "काहून? काही झालं काय?"

"काही नाही," पद्मजाबाई म्हणाल्या आणि रिकामी टोपली घेऊन आत आल्या.

त्यांचे यजमान सदाशिवराव बंबापाशी पाणी तापवत बसले होते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. कागदाची शेवटची ओळ वाचल्याशिवाय त्यानं कधी सही केली नव्हती, आणि परसबागेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडं जाई. आता अंगात बनियन होतं, तरी हात छातीशी गेला.

"परवा काय फवारलं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"कुठं?"

"माझ्या भेंडीवर. मांडवावर. कोहळ्यावर."

त्यांनी बंबात एक काटकी सारली. मग म्हणाले, "दोन महिन्यांपासून पाहून राह्यलो मी पद्मजा. तू सकाळी उठून एकेक किडा ब्रशनं काढते. रिठ्यानं बोटं सोलून निघाली तुझी. अन् ती सत्यशीला फोन करकरून मले विचारते, भाऊजी, यंदा भेंडी आहे ना, यंदा सोळा होतात ना. तू फुलसावंगीले गेली अन् मी जाऊन पाह्यलं तर जास्वंदीवर पुन्हा पांढरं दिसलं. मले वाटलं, आता सगळं जाते. मुखवटे जातात. तुले ते सोसलं नसतं."

"मंग?"

"मंग मंदार दुकानाच्या कामानं इकडं आलता, त्याले औषध मागतलं. पंपही त्याचाच."

पद्मजाबाईंना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. अंगाचा भडका उडाला होता. त्याच वेळी छत्तीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं साधी कोथिंबीर खुडली नव्हती तो आपल्यासाठी टॉवेल बांधून दुपारच्या उन्हात पंप मारत होता, हे कळून डोळ्यांत पाणीही येत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीनं दुसरी कमी होत नव्हती.

"बाटली दाखवा."

त्यांनी मोरीच्या फळीमागून बाटली काढून दिली. वर बोंडाचं चित्र होतं, खाली जहाल विषाचा लाल त्रिकोण. पद्मजाबाईंनी चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं आणि बाटली त्यांच्यापुढं धरली.

"शेवटची ओळ वाचा."

सदाशिवरावांनी वाचली. फवारणीनंतर पंधरा दिवस तोडणी करू नये. त्यांचा चेहरा उतरला.

"काल सांजेला सर पडली ना," ते हळूच म्हणाले. "धुऊन गेलं असंल."

"मधमाश्या आज सकाळी मेल्या. सर काल पडली."

पद्मजाबाईंनी विचारलं, "न्हाणीघराच्या मागं मारलं काय? खरं सांगा, मागच्या पट्ट्यात?"

"नाही. तिथवर पंप पुरला नाही. अन् मधात भिंत आहे."

"मंग कुदळ घ्या अन् लिंबापाशी खड्डा करा. कमरेइतका. मी तोडून आणते."

"गाईले..."

"गाईनं काय पाप केलं?"

स्वयंपाकघरात केतकीनं पुरण शिजायला टाकलं होतं. ही त्यांची सून, नागपूरला नोकरी करणारी, आजवर सासूच्या बागेला मनातून जरा हसणारी. पण सत्यशीलाकाकू मुखवटे न्यायच्या गोष्टी करू लागल्यापासून पक्की सासूच्या बाजूची झालेली. तिनं सगळं ऐकलं आणि आधी जाऊन दार लोटलं.

"आई, किती भाज्या फवारल्या?"

"सात. भेंडी, दोडकं, कारलं, कोहळं, वांगं, गवार, चवळी."

"आणि चांगल्या?"

"नऊ."

केतकी जवळ आली. "हे पाहा, बाजारातून आणता येणार नाहीत, काकू मंडईतली भाजी नजरेनं ओळखतात. पण या तर आपल्याच आहेत ना? गरम पाण्यानं, मिठानं धुवू. सोळांची मिसळ भाजी, एका माणसाच्या वाट्याला एवढीशी येते. सगळं जग हेच खातंय आई. कोणाला कळणार आहे?"

हे म्हणणं काही वेडगळ नव्हतं. पद्मजाबाईंच्या मनात बंबापासून इथवर येताना तेच येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोला. बत्तीस वर्षं सांभाळलेले मुखवटे. ज्येष्ठेच्या डाव्या गालावरचा पोचा त्यांना बोटांनी पाठ होता. ते दुसऱ्याच्या देवघरात, दुसऱ्याच्या हातून उजळले जाणार ही कल्पनाही करवत नव्हती. एक दिवस गप्प बसायचं, बस. घरातली दोन माणसं, मंदार आणि शेजारच्या सईदाभाभी सोडल्या तर कुणाला पत्ता नव्हता.

"आभाला वाढशील?" त्यांनी विचारलं.

केतकीची सहा वर्षांची आभा बैठकीत महालक्ष्म्यांपुढं रांगोळीतली पावलं मोजत होती. तिचा आवाज इथवर येत होता. केतकीनं पुरणात उगाच पळी फिरवली.

"नाही," ती म्हणाली.

"मंग दुसऱ्याच्या लेकराले कशी वाढू? अन् देवीले?" पद्मजाबाईंनी पदर खोचला. "चल, चाळणी घे. मागच्या पट्ट्यात जायचं आहे."

न्हाणीघराच्या मागचा पट्टा म्हणजे बागेतला गरीब भाग. तो पाहुण्यांना कधी दाखवला जात नसे. सांडपाण्यावर वाढलेलं अळू, त्याच्या कडेला केळी, एका कोपऱ्यात सुरण. कुंपणावर तोंडली आणि कटुल्यांचा वेल एकमेकांत गुंतलेला. अंबाडी होती, काटेमाठ आपला आपण उगवलेला होता, मुळ्याची एक रांग होती आणि सगळ्यावर शेवग्याची सावली. तिथं मात्र मुंग्या होत्या, माश्या होत्या, केळफुलाभोवती भुंगे घोंगावत होते. पद्मजाबाईंनी ते घोंगावणं जरा वेळ उभं राहून ऐकलं. मग सुरण उकरायला बसल्या.

दुपारी बाराला आरती झाली. बैठकीत तीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती. सत्यशीला हिरव्या पैठणीत पुढंच होती. तिचे यजमान गुडघ्यामुळं आले नव्हते, पण मंदार जीप घेऊन आला होता. जीप कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुखवटे ठेवायची पेटी मोटारीत मावली नसती.

नैवेद्याचं ताट आलं. सत्यशीलानं भाजीच्या वाटीकडं पाहिलं, मग मागच्या मोठ्या पातेल्याकडं, आणि तिची बोटं नेहमीप्रमाणं चालू लागली. चार, पाच, सहा. नवावर येऊन थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मोजू नको सत्यशीला," पद्मजाबाई म्हणाल्या. "नऊच आहेत."

सदाशिवराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"बाकीच्या सात उभ्या होत्या झाडावर," पद्मजाबाई पुढं म्हणाल्या. "सकाळी तोडल्या अन् लिंबाखाली पुरल्या. त्याच्यावर परवा कापसाचं औषध पडलं. मी देवीपुढं अन् तुमच्यापुढं विष वाढणार नाही. सासूबाईंचा नियम सोळाचा. माझ्या नऊ झाल्या. उद्या बोळवण झाली की मुखवटे यवतमाळले जातील. मंदार, पेटी मीच भरून देते."

पाठीमागं कुणीतरी "अवो बाई" म्हणालं. सत्यशीलाचा चेहरा उजळायला हवा होता, पण ती चिडली. तिला जिंकायचं होतं ते मोजून, असं हातावर ठेवलेलं नको होतं.

"औषध पडलं म्हणजे? आपोआप पडलं काय? कोणी मारलं?"

"मी मारलं," सदाशिवराव चौकटीतून म्हणाले.

"अन् तुमच्याजवळ आलं कुठून, भाऊजी? तुम्ही तर कधी..." ती थांबली. मग मंदारकडं वळली आणि तिथून परत पद्मजाबाईंकडं. तिचा आवाज चढला. "असं! म्हणजे माझ्या पोराच्या दुकानातलं. हे बरं आहे वहिनी. भाज्या तुमच्या हुकल्या अन् बोल माझ्या लेकाले? सगळ्यांसमोर?"

"मी त्याचं नावही घेतलं नाही."

"पण ऐकू सगळ्यांले आलं! अन् एवढं काय विष विष? सारा जिल्हा मारते, सारा जिल्हा खाते. धुऊन घ्यायच्या होत्या अन् करायच्या होत्या सोळा!"

"आई," मंदार म्हणाला.

तो एरवी या बायकांच्या बोलण्यात पडत नसे. तिशीचा, अंगानं आडवा, हसतमुख गडी. आता तो हसत नव्हता.

"मोठे बाबा, तुम्ही तर मले जास्वंदीसाठी म्हणलं होतं."

"म्हणलं होतं," सदाशिवरावांनी मान खाली घातली. "भेंडीसाठी म्हणलं असतं तर तू दिलं नसतं."

"नसतंच दिलं. जास्वंद कोण खाते, म्हणून देलं." मंदार आईकडं वळला. "धुऊन जात नाही ते आई. ते सालीतून आत मुरते, पानात मुरते, फळात मुरते. वरून कितीही धुवा. मोठ्या आईनं वाढलं नाही हे बरं केलं. माझ्या हातानं देलेली बाटली होती ती, आज आभा जेवली असती त्याच्यातलं."

"तू विकतो ना रोज?" सत्यशीला म्हणाली. "मग तुले एवढं काहून लागलं?"

"विकतो म्हणूनच मले माहीत आहे." तो जरा घुटमळला. एवढ्या माणसांत बोलावं की नाही असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "तू मले विचारत असते ना, लहानपणी भरलं वांगं मागून मागून खायचा अन् आता ताटात पडलं की बाजूले काढतो, असं काहून? दुकान टाकलं त्या वर्षापासून खात नाही मी. सकाळी माझ्याजवळून औषध नेतात, अन् संध्याकाळी तीच वांगी आपल्या मंडईत येतात. तीच तू आणते."

आठ वर्षं सत्यशीला त्या वांग्यांत कधी खोबरं जास्त घालत होती, कधी तीळ. पोराची चव बदलली म्हणून सुनेला नावं ठेवत होती.

"अन् आम्ही खातो ते?" ती म्हणाली. "मी खाते, तुझे बाबा खातात. तू आम्हाले सांगतलं नाही?"

"काय सांगू? दुकान तर तेच आहे."

पद्मजाबाईंना सत्यशीलाची दया आली असती, पण सत्यशीला दया घेणारी बाई नव्हती आणि पद्मजाबाई ते चांगलं ओळखून होत्या. म्हणून त्यांनी ताट उचललं, नऊ भाज्यांचा नैवेद्य ज्येष्ठेपुढं ठेवला, दुसरा कनिष्ठेपुढं, आणि पाण्याचं बोट फिरवलं.

"देवी जेवते आहे. पाट मांड," त्या केतकीला म्हणाल्या.

पहिली पंगत बसली. सत्यशीला सगळ्यांत कडेच्या पाटावर जाऊन बसली, सवाष्ण म्हणून नव्हे, कोणीतरी परकी पाहुणी बसावी तशी. पद्मजाबाई स्वतः वाढायला निघाल्या. पुरणपोळी, आंबील, कढी. भाजीशी आल्यावर त्यांनी सत्यशीलाच्या ताटात पळीभर वाढली. सत्यशीलानं घास घेतला. सुरणाची फोड आधी, मग कटुलं. तिनं मान वर केली नाही. ताटातली भाजी संपली तेव्हा तिनं बोटानं ती जागा दाखवली.

"आणखी वाढा."

पद्मजाबाईंनी वाढली. पलीकडे मंदारही दुसऱ्यांदा मागत होता. आभा शेवग्याचा पाला वेचून बाजूला ठेवत होती आणि केतकी तो परत तिच्या घासात घालत होती. या घरच्या पातेल्यात यंदा सात भाज्या कमी होत्या. पण तीस माणसं खाली मान घालून जेवत होती आणि वाढणारीच्या छातीत धडधड नव्हती. पद्मजाबाईंना एकदम फार अभिमान वाटला. सोळा भरल्या त्या एकतीस वर्षांत कधी वाटला नव्हता एवढा. डोळे भरून आले तर त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"वहिनी," सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असा होता. ती हळू बोलूच शकत नसे. "मुखवटे मी नेणार."

"हो. सांगतलं ना मी. उद्या..."

"उद्या नाही. नियम काय आहे? जी सोळा पिकवील तिच्या घरी. तुमच्या नऊ झाल्या. माझ्या किती? माझ्या अंगणात तुळशीची कुंडी आहे, बस. उद्या पेटी नेली तर पुढच्या साली मी देवीपुढं काय वाढू, मंडईतली वांगी? तसे मुखवटे मले नको."

"कीव करू नको माझी सत्यशीला."

"कीव कोण करते? मी न्यायलेच येणार आहे. सोळाच्या सोळा उभ्या करीन अन् मग जीप घेऊन येईन, तेव्हा पेटी काढून ठेवजा." तिनं मंदारकडं मान वळवली. "परवा गवंड्याले बोलाव. अंगणातली फरशी काढायची."

मंदारच्या हातातला घास तसाच राहिला. "सगळी?"

"सगळी."

"आई, अवो, आपलं गिऱ्हाईक काय म्हणल? औषधवाल्याच्या घरी जीवामृताचा ड्रम?"

"म्हणू दे. तुले वांगं खायचं आहे की नाही?"

पंगतीत आधी एकजण हसला, मग सगळेच. सदाशिवरावही चौकटीपाशी हसले, सकाळपासून पहिल्यांदा. पद्मजाबाई मात्र हसल्या नाहीत. सत्यशीला जे बोलते ते करते, हे त्यांना माहीत होतं. दोनतीन वर्षांत ही बाई सोळा उभ्या करील आणि मुखवटे खरोखर नेईल. आणि आपण तिला बी देऊ, अर्क कसा ढवळायचा ते शिकवू, चुकलं तर रागावू, आणि एक दिवस आपल्याच हातानं पेटी जीपमध्ये ठेवू. हे सगळं त्यांना लख्ख दिसलं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्या भाजीचं पातेलं खाली ठेवून जावेच्या पाटाशी मांडी घालून बसल्या.

"फरशीखाली माती कशी आहे?" त्यांनी विचारलं. "काळी की मुरमाड?"

सत्यशीलानं खूप विचार केला. वीस वर्षं ती त्या अंगणात राहत होती.

"मले काय माहीत वहिनी," ती म्हणाली. "पाह्यलीच नाही कधी."